मुरमावरचे दोन पावसाळे : एका ग्रॅव्हल सायकलच्या सुट्या भागांची परीक्षा

२०२४च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सायकलचे पुढचे चाक काढून ते चाक धरणारा फोर्क खाली ओढला, तेव्हा हेडट्यूबमधून, म्हणजे फ्रेमच्या हँडलखालच्या नळीतून, चहाच्या रंगाचे पाणी ओसरीच्या फरशीवर ओघळले आणि त्यापाठोपाठ खालचे बेअरिंग सुटे होऊन आले. त्याचे बाहेरचे कडे फ्रेममध्येच रुतून बसले होते, आतले कडे फोर्कवर राहिले होते आणि मधले छरे गंजून एकमेकांना चिकटले होते. सायकल तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती. त्याच्या दोनच महिने आधी मी तिला कार्बनचा सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, बसवून घेतला होता आणि वजन काही ग्रॅमने उतरल्याचे मित्रांना कौतुकाने सांगत होतो.

ही सायकल आता दोन पावसाळे आणि सुमारे नऊ हजार किलोमीटर जुनी आहे. २०२३च्या दसऱ्याला घेतली तेव्हा ॲल्युमिनियमची फ्रेम, कार्बनचा फोर्क, शिमानोच्या जीआरएक्स आरएक्स ६०० मालिकेचे पुढे दोन आणि मागे अकरा चक्र्यांचे गिअर, हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि ट्यूब घातलेले ४० मिलिमीटरचे टायर असा तिचा मूळ संच होता. जीआरएक्स ही शिमानोने २०१९ मध्ये खास ग्रॅव्हल सायकलींसाठी बाजारात आणलेली पहिली मालिका. ग्रॅव्हल म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने मुरूम आणि खडीचे रस्ते. या संचातले मी काय बदलले, काय बदलून पस्तावलो आणि कशाची निगा राखल्याने पैसे वाचले, ते येथे मांडत आहे. बेळगाव, खानापूर आणि पलीकडच्या चंदगड तालुक्यात सायकल चालवणाऱ्याला ते उपयोगी पडावे, कारण सायकलच्या भागांची बहुतेक परीक्षणे जिथे लिहिली जातात तिथल्या लोकांना जांभ्याचा कच आणि काळ्या रानाचा चिखल एकाच रविवारी भेटत नाहीत.

आम्हाला ते भेटतात. शहराच्या पश्चिमेला, म्हणजे उचगाव, राकसकोप, जांबोटी, कणकुंबी या अंगाला, जांभा दगड आणि लाल माती आहे. पावसात ती पातळ होऊन वाहते, फारशी चिकटत नाही. पण तिच्यातला बारीक कच पाण्याबरोबर ब्रेकच्या पॅडमध्ये, चेनच्या रोलरमध्ये आणि बेअरिंगच्या रबरी सीलखाली शिरतो आणि तिथे पॉलिश पेपरचे काम करतो. पूर्वेला, सांबऱ्याच्या पलीकडे बैलहोंगल आणि गोकाकच्या दिशेने, काळी माती लागते. ती भाग तितके झिजवत नाही, पण पाऊस पडून गेल्यावर शेताच्या वाटेवर शंभर पावले गेलात तर टायरवर थराला थर चढवून चाकच फिरू देत नाही. सायकलवर खर्च करताना आपण या दोहोंपैकी कोणत्या मातीत जास्त फिरतो हे आधी ठरवावे लागते. माझ्या फेऱ्यांतल्या बाराआणे लाल मातीत होतात, त्यामुळे पुढचे माझे मतही त्याच बाजूला झुकलेले आहे.

ट्यूब काढून टायर ट्यूबलेस करणे हा मी केलेला सर्वांत फायद्याचा बदल, आणि पहिल्या प्रयत्नात सर्वांत वाईट साधलेला. रिमची आतली रुंदी २३ मिलिमीटर होती आणि मी आऱ्यांची छिद्रे झाकायला घाईत २१ मिलिमीटरची टेप आणली. टायर बसला, हवा भरली, रात्री सायकल भिंतीला टेकवून झोपलो. सकाळी पाहतो तो प्रत्येक आऱ्याच्या निपलपाशी पांढरा थेंब आलेला, जणू रिमला घाम फुटला होता. टेपच्या कडेने सीलंट, म्हणजे भोके बुजवण्यासाठी टायरमध्ये घालतात तो द्रव, रिमच्या पोकळीत उतरून आऱ्यांच्या छिद्रांतून बाहेर पडत होते. टेप रिमच्या आतल्या रुंदीहून दोन-तीन मिलिमीटर जास्त रुंद लागते, म्हणजे ती दोन्ही कडांना थोडी वर चढते आणि टायरची कड तिच्यावर दाबून बसते. दुसऱ्या वेळी रिम स्पिरिटने पुसून कोरडी केली, २५ मिलिमीटरची टेप ताणून दोन वेढे घातले आणि व्हॉल्व्हसाठी भोक कापण्याऐवजी तापवलेल्या खिळ्याने पाडले, म्हणजे टेपला चीर पुढे जात नाही. ती टेप अजून टिकून आहे.

टायरची कड रिमवर चढवण्यासाठी साधा हातपंप पुरत नाही, कारण हवा एकदम आणि भरपूर लागते. त्यासाठी वेगळा टाकीचा पंप विकत घेण्याची गरज नाही. सायकलच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हवर बसणारा पितळी अडॅप्टर खिशात ठेवून पेट्रोल पंपावर जावे, व्हॉल्व्हचा गाभा काढावा, कडांना साबणाचे पाणी लावावे आणि हवा सोडावी. दोन मोठे ठो आवाज होतात. माझ्या वेळी हवा भरणारा मुलगा नळी टाकून मागे सरकला होता, म्हणून त्याला आधी सांगून ठेवलेले बरे. त्यानंतर व्हॉल्व्हमधून सीलंट घालायचे. ४० मिलिमीटरच्या टायरला मी ८० मिलिलिटरच्या आसपास घालतो.

सीलंटमध्ये काटकसर करू नये, हे मी अनुभवाने सांगतो. सुरुवातीला स्कूटरसाठी विकले जाणारे घट्ट, धागेदार जेल स्वस्त मिळते म्हणून घातले. स्कूटरच्या जाड टायरमध्ये ते चालत असेल. सायकलच्या पातळ टायरमध्ये ते तळाशी गोळा होऊन चाक उड्या मारू लागले आणि व्हॉल्व्ह तुंबला तो वेगळाच. त्यानंतर सायकलसाठीच बनवलेले लेटेक्सचे सीलंट वापरू लागलो. त्याची अडचण एवढीच की ते सुकते, आणि आपल्याकडच्या मार्च ते मे या महिन्यांत फार लवकर सुकते. उन्हाळ्यात दर सहा आठवड्यांनी आणि एरवी तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत केबल टायची पट्टी बुडवून पाहावी. ओली आली तर ठीक, कोरडी आली तर पुन्हा भर घालावी. मागच्या हिवाळ्यात नेसरगीच्या बाजूला बांधाबांधाने फिरून आल्यावर मी दोन्ही टायर मांडीवर घेऊन बाभळीचे काटे उपटत बसलो होतो. सात निघाले. प्रत्येक काटा निघाला की पांढरा बुडबुडा यायचा, चाक फिरवून तो भाग खाली आणला की बंद व्हायचा. ट्यूब असती तर त्या दिवशी मी बैलहोंगलच्या बसला हात दाखवत उभा राहिलो असतो.

ट्यूबलेसचा दुसरा फायदा हवेच्या दाबाचा. माझे वजन ७४ किलो आहे. ट्यूब असताना चिमटा पंक्चर होईल, म्हणजे ट्यूब रिमखाली चिमटून फाटेल, या भीतीने मी ५० पीएसआय ठेवत असे, आता पुढे ३२ आणि मागे ३६ ठेवतो. राकसकोपच्या धरणाकडे जाणाऱ्या दगडगोट्यांच्या वाटेवर एवढ्या एका बदलाने मनगटांना जो आराम मिळाला, तो कार्बनच्या सीटपोस्टने कमरेला दिला नाही.

अधिक रुंद टायरचा मोह मात्र मी टाळला. फ्रेममध्ये ४५ मिलिमीटरचा टायर मावतो आणि लाल मातीत तो चांगलाच चालेल, पण मावतो म्हणजे दोन्ही बाजूंना चार-चार मिलिमीटर जागा उरते. काळ्या मातीच्या एका थराला तेवढी जागा पुरते. मग तो थर फ्रेमला घासत राहतो आणि त्यातला एखादा खडा चेनस्टेचा, म्हणजे मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळीचा, रंग खरवडून धातूपर्यंत पोचतो. ४०चा टायर ठेवला तर चिखलाला निसटायला वाट राहते. ज्याला फक्त जांबोटी-खानापूर भागातच फिरायचे आहे त्याने खुशाल ४५ घ्यावा.

ब्रेकचा धडा मला चोर्ल्याच्या घाटाने दिला. जुलै महिना, कणकुंबीला मलप्रभेच्या उगमापाशी थांबून चहा घेतला आणि धुक्यातून गोव्याच्या बाजूला उतरायला लागलो. निघताना पॅड पाहिले होते. थोडे झिजलेले, पण चालतील असे वाटले. निम्मा घाट उतरलो आणि मागच्या चाकातून कानस घासल्यासारखा आवाज येऊ लागला. थांबून पाहिले तर पॅडचा थर संपून त्यांच्यामधली स्प्रिंग रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, घासत होती. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजला तरी पिस्टन तेवढा पुढे सरकून अंतर आपोआप भरून काढतो, त्यामुळे तारेच्या ब्रेकप्रमाणे लिव्हर हळूहळू सैल होऊन सूचना मिळत नाही. लिव्हर शेवटपर्यंत घट्टच लागते. ही या ब्रेकची खोड म्हणावी की गुण, ते वापरणाऱ्याने ठरवावे. मी पुढच्या ब्रेकवर जपून खाली उतरलो आणि गोव्यात भाजी पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका टेम्पोत, कोबीच्या पानांवर सायकल आडवी घालून, बेळगावला आलो.

मूळ पॅड रेझिनचे होते. रेझिनचे पॅड मऊ असतात, आवाज कमी करतात आणि कोरड्या रस्त्यावर पहिल्याच दाबाला पकड देतात. ओल्या कचात मात्र ते खडूसारखे झिजतात. त्यांच्या जागी मी धातुमिश्रित पॅड बसवले. तसे करण्यापूर्वी रोटरवर काय कोरले आहे ते वाचणे आवश्यक आहे, कारण स्वस्त रोटरांवर ते फक्त रेझिन पॅडसाठी असल्याचे लिहिलेले असते आणि त्यांचा मऊ पोलाद धातूचे पॅड लवकर खाऊन टाकतात. माझे रोटर दोन्हींसाठी चालणारे निघाले. बदलल्यावर नवे पॅड जुळवून घेण्यासाठी सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू थांबावे लागते. हे न करता थेट घाटात गेले तर पकडही मिळत नाही आणि रोटरवर डाग पडून कायमचा आवाज लागतो. २०२५चा अख्खा पावसाळा या पॅडच्या एकाच जोडीवर निघाला. ओल्या रस्त्यावरच्या पहिल्या दोन-तीन वळणांना ते किंचाळतात, वाटेतली कुत्री त्यामुळे आधीच सावध होतात, ही त्यांची एकमेव तक्रार.

पॅडचा थर ०.५ मिलिमीटरवर आला की तो बदलावा आणि रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर असतो तो १.५ वर आला की फेकून द्यावा, असे शिमानो सांगते. हे मोजायला व्हर्निअर कॅलिपर लागते. उद्यमबागेत काम करणारा कोणी ना कोणी बेळगावात प्रत्येकाच्या ओळखीचा असतो, त्यामुळे ते मागून आणणे अवघड नाही. ब्रेकमधले तेल बदलताना मात्र ओळखीवर विसंबू नये. मोटारसायकली दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात मला मोठ्या आपुलकीने डॉट ४ तेल भरून देण्याची तयारी दाखवली गेली होती. शिमानोच्या ब्रेकला खनिज तेल लागते. डॉट तेलाने त्यातले रबरी सील फुगतात आणि लिव्हर व कॅलिपर दोन्ही निकामी होतात. मी आभार मानून सायकल परत आणली आणि खनिज तेलाची छोटी बाटली व लिव्हरवर बसणारे नरसाळे मागवून ते काम घरीच शिकलो. पहिल्या वेळी तीन तास लागले, आता पाऊण तास पुरतो.

चेनच्या बाबतीत मी मेणावर आलो आणि अर्धा परत फिरलो. पहिली चेन तेलावर चालवली. दर रविवारी तेल घालत होतो, पुसतही होतो; तरी १८०० किलोमीटरला ती मापाबाहेर गेली. चेनचे माप सोपे आहे. तिच्या बारा पूर्ण कड्यांची लांबी नवी असताना ३०४.८ मिलिमीटर असते. ती दीड मिलिमीटरने वाढली की अर्धा टक्का झीज झाली आणि अकरा गिअरच्या चेनला तिथेच निरोप द्यावा. त्यापुढे ती चालत राहते, पण जाताना कॅसेटचे, म्हणजे मागच्या चक्र्यांच्या संचाचे, दात आपल्या मापाने झिजवून जाते, आणि कॅसेटची किंमत चेनच्या दुपटीच्या घरात आहे.

दुसऱ्या चेनला पॅराफिनचे मेण दिले. नव्या चेनवरचे कारखान्यातले ग्रीस आधी टर्पेंटाइनमध्ये, मग स्पिरिटमध्ये खळबळून पूर्ण काढावे लागते. ते राहिले तर मेण धातूला धरत नाही. मेणबत्त्यांचे सामान मिळते तिथून किलोभर मेण दोन-अडीचशे रुपयांत मिळाले. ते भांड्यात भांडे ठेवून, खालच्या पाण्याच्या वाफेवर वितळवायचे. थेट शेगडीवर ठेवू नये, कारण मेणाची वाफ पेट घेते. चेन त्यात सोडली की रोलरमधून बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत वाट पाहावी, मग तारेने उचलून टांगावी. गार झाल्यावर ती काठीसारखी ताठ होते; प्रत्येक सांधा हाताने मोडून मोकळा करावा लागतो आणि मेणाचे पापुद्रे गळतात. घरातले जुने पातेले यासाठी नेण्याआधी रीतसर परवानगी घ्यावी. ते पातेले स्वयंपाकघरात परत जात नाही.

कोरड्या दिवसांत याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. दिवाळीपासून मृगापर्यंत उचगाव, तुरमुरी, बेकिनकेरे या वाटांवर हवेत लाल धूळ असते. तेलाच्या चेनवर तिचा लेप बसतो, मेणाच्या चेनवरून ती झटकली जाते. बोट फिरवले तर काळे होत नाही. दर तीनशे किलोमीटरला मेण देत ही चेन ४५०० किलोमीटर चालली आणि अजून मापात आहे. पावसात मात्र सगळे उलटते. जांबोटीची एक भिजलेली फेरी मेण धुऊन काढते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी रोलरवर केशरी गंज दिसतो. पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर चेन उतरवून पातेले तापवण्याचा उत्साह माझ्यात नाही, म्हणून जून ते सप्टेंबर मी वेगळ्या चेनवर ओल्या हवामानासाठीचे घट्ट तेल वापरतो आणि मेणाची चेन कापडात गुंडाळून ठेवतो. मेणाला सर्व ऋतूंतला उपाय म्हणणाऱ्यांनी कणकुंबीला ऑगस्टमध्ये एक फेरी करून पाहावी.

गिअरबद्दल थोडक्यात. माझ्याकडे पुढे ४६ आणि ३० दातांच्या चक्र्या, मागे ११ ते ३४. सर्वांत हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८८ फेरा फिरते आणि वैजनाथच्या डोंगराची चढण तेवढ्यावर बसल्या बसल्या निघते. पुढे एकच चक्री ठेवण्याची हल्ली फार चर्चा असते. मित्राच्या तशा सायकलवर, पुढे ४० आणि मागे ११ ते ४२, मी महिनाभर फिरलो. चिखलात ती निःसंशय बरी, कारण काळी माती भरून बसायला पुढचा डिरेलरच, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर सरकवणारा भागच, नाही. पण सर्वांत हलका गिअर ०.९५ वर थांबतो, महामार्गावर वारा पाठीशी असताना ११ दातांवर पाय नुसतेच फिरतात, आणि मधल्या गिअरांत दातांच्या उड्या मोठ्या असल्याने सांबऱ्याच्या सपाटीवर हवी ती लय सापडत नाही. मी बदल केला नाही. ज्यांना करायचा आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ४२ दातांसाठी मागचा डिरेलरही वेगळा, म्हणजे आरएक्स ८१२, घ्यावा लागतो. दोन चक्र्या ठेवून नुसता क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे आणि पुढच्या चक्र्या, जीआरएक्सचा घेणाऱ्यांसाठीही एक अडचण आहे. त्याच्या चक्र्या रस्त्याच्या सायकलींपेक्षा २.५ मिलिमीटर बाहेर बसतात, म्हणून पुढचा डिरेलरही त्याच मालिकेचा लागतो. २०२३ मध्ये आलेल्या बारा गिअरच्या जीआरएक्सकडे मीही डोळे लावून पाहिले, पण त्यासाठी लिव्हर, डिरेलर, चेन आणि कॅसेट एकदमच बदलावी लागते, आणि एका चक्रीचा १० दातांपासून सुरू होणारा संच घ्यायचा तर मायक्रो स्प्लाइन पद्धतीचा फ्रीहब, म्हणजे मागच्या चाकाचा कॅसेट बसवायचा भागही. अकरा गिअर झिजून संपेपर्यंत तो विचार बाजूला ठेवला आहे.

कॅसेट एकदा बदलली तेव्हा बाहेरगावच्या एका दुकानात काम करून घेतले. परत आल्यापासून गिअर एका दाताने चुकत होता आणि कॅसेट हाताने हलत होती. आठवडाभर केबलचा ताण कमीजास्त करून थकलो, शेवटी कॅसेट उतरवली. ११-३४ची ही अकरा गिअरची कॅसेट रस्त्याच्या सायकलीच्या फ्रीहबवर बसवताना मागे १.८५ मिलिमीटरचा स्पेसर घालावा लागतो. तो दुकानातच राहिला होता. बांगडीएवढी एक कडी, पण तिच्याविना लॉकरिंग कितीही आवळली तरी कॅसेट घट्ट होत नाही.

आता पुन्हा त्या बेअरिंगकडे. हेडसेटचे, म्हणजे हेडट्यूबमधले, बेअरिंग कुजण्याचे निम्मे कारण मी स्वतः होतो. पावसाळ्यात दर फेरीनंतर मी सायकल गाड्या धुण्याच्या ठिकाणी नेऊन प्रेशरच्या पाण्याने धुवून घेत असे. चिखल क्षणात उडतो, दिसायला सायकल नवी होते, आणि तेच पाणी सीलखालून बेअरिंगमध्ये जाऊन बसते. दुसरे निम्मे कारण असे की पुढच्या चाकाने उडवलेला लाल रस्सा फोर्कच्या माथ्यावर, नेमका खालच्या बेअरिंगच्या तोंडाशी येऊन आदळतो. रुतून बसलेले कडे काढायला मी शहापुरातल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो, ज्यांच्याकडे माझ्या वडिलांची सायकल जायची. त्यांनी गंज सोडवणारे तेल टाकून सायकल रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी लाकडी ठोकळा मध्ये धरून दोन बाजूंनी आळीपाळीने टिचक्या मारत कडे अलगद उतरवले. फ्रेमला ओरखडा नाही. "ग्रीस भरायचं असतंय की ह्यात," एवढेच ते म्हणाले, आणि मी मान डोलावली.

नवे बेअरिंग आणायला उद्यमबागेत गेलो. हा भाग फाउंड्री आणि हायड्रॉलिकच्या कारखान्यांचा, त्यामुळे बेअरिंगची दुकाने भरलेली असतात. दुकानदाराने जुने कडे बोटांवर फिरवून पाहिले आणि परत दिले. "हे कोनाचं हाय सर, आमच्यात येत न्हाई. चाकातलं असलं तर नंबर सांगा." हा फरक कामाचा आहे. हेडसेटच्या बेअरिंगला आत-बाहेर तिरप्या कडा असतात, ३६ आणि ४५ अंश असे त्यांचे कोन कड्यावर कोरलेले असतात आणि ते जुळवूनच मागवावे लागते. व्यास बरोबर पण कोन वेगळा आला तर ते बसल्यासारखे वाटते आणि महिन्यात सैल होते. चाकाच्या हबमधली बेअरिंगे मात्र उद्योगात सर्रास वापरली जाणारी असतात. माझ्या मागच्या हबमध्ये ६९०२ क्रमांकाची निघाली, आत १५, बाहेर २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. ती त्याच दुकानात, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेली, दोनशे-तीनशे रुपयांत एक याप्रमाणे मिळाली. सायकलचे सुटे भाग म्हणून तीच मागवली असती तर किंमतही जास्त पडली असती आणि वाट पाहावी लागली असती ती वेगळीच. क्रमांकापुढे २आरएस असेल याची खात्री करावी, नुसते पत्र्याचे झाकण असलेले घेऊ नये.

बॉटम ब्रॅकेटचे, म्हणजे क्रँक ज्या बेअरिंगांवर फिरतो त्यांचे, कप अजून मूळचेच आहेत, पण एकदा काढून आटे साफ करून पुन्हा बसवले. उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. शहापूरच्या त्याच मेकॅनिक मामांकडचा शिकाऊ पोरगा पान्याला लोंबकळत होता, मामा आतून कानडीमिश्रित ओरडले, "साकु, साकु (पुरे, पुरे)! उलटं फिरीव." क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटनमीटरला आवळायचे असतात, आणि त्याआधी बसवायच्या प्लास्टिकच्या टोपीला नुसता बोटांचा जोर पुरतो. टॉर्क रेंच ही मी घेतलेली सर्वांत कंटाळवाणी वस्तू आहे आणि तिने कार्बनचा सीटपोस्ट वाचवला. तो घसरत होता म्हणून मी क्लॅम्प आवळत चाललो होतो. खरी गरज कार्बनसाठीच्या खरखरीत पेस्टची होती, ती लावल्यावर ५ न्यूटनमीटरला तो जागचा हलला नाही. सीटपोस्ट म्हणून तो वाईट नाही. त्या पैशांत धातुमिश्रित पॅडच्या दोन जोड्या, एक चेन आणि हेडसेटची दोन्ही बेअरिंगे आली असती, एवढेच.

गिअरच्या केबल दर पावसाळ्यानंतर आवरणासह बदलतो. हँडलची टेप फाटली की बदलतो, त्यात परीक्षणासारखे काही नाही.

आता सायकल बादलीतल्या पाण्याने आणि जुन्या ब्रशने धुतो, चिखल वाळू न देता. मे महिन्याच्या शेवटी फोर्क उतरवून हेडसेटच्या दोन्ही बेअरिंगांभोवती पाण्याला दाद न देणारे घट्ट ग्रीस बोटाने लिंपतो आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा उघडून पाहतो. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ग्रीस लाल झाले होते, बेअरिंग मात्र कोरडे आणि मोकळे फिरत होते. फोर्कच्या माथ्याखाली मी जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा केबल टायने बांधला आहे. त्यावर मातीचा जो थर साचतो तो पूर्वी कुठे जात होता हे वेगळे सांगायला नको.